मुलाच्या खिशात कुटुमसर गुहेतल्या लवणस्तंभाचा तुकडा सापडला, आता काय करू?

मृणाल पुणे
नमस्कार मंडळी, बऱ्याच महिन्यांनी लिहितेय आणि जरा अस्वस्थ होऊनच लिहितेय. मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही रायपूरला बहिणीकडे गेलो होतो, तिथून पुढे जगदलपूर, चित्रकोट, तीरथगड आणि कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानातली कुटुमसरची गुहा (पाट्यांवर कुठे कोटमसर लिहिलंय कुठे कोटुमसर) असं चार दिवसांचं फिरणं झालं.

गुहेचं काय सांगू, आपण लेणी बघून वाढलेली माणसं, कार्ले भाजे अजिंठा वेरूळ सगळीकडे छिन्नीचे घाव दिसतात, माणसाने केलंय हे कळतं. इथे तसं काहीच नाही. डोंगराच्या कुशीत एक उभी फट, तिच्यातून अंग चोरून खाली उतरायचं, पायऱ्या ओल्या, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि खाली गेल्यावर गाइडदादांनी बॅटरी वर फिरवली की छतापासून लोंबणारं ते सगळं एकदम दिसतं, जणू कुणी दगडाची झुंबरं टांगून ठेवलीत. आत दिव्यांची रोषणाई वगैरे नाही, दादांच्या हातातला उजेड तेवढाच. मध्ये एका ठिकाणी त्यांनी बॅटरी बंद करून सगळ्यांना गप्प उभं केलं. डोळ्यासमोर हात धरला तरी दिसत नव्हता, फक्त पाण्याचा ठिपका पडल्याचा आवाज. माझा दहा वर्षांचा मुलगा माझा हात घट्ट धरून होता. नंतर एका डबक्यात फिकट रंगाचे छोटे मासे दाखवले, आंधळे मासे म्हणतात त्यांना. शेवटाला एक खालून वर आलेला खांब आहे, लोक त्याला शंकराची पिंड मानतात, फुलं वाहिलेली होती.

तर आता मुद्दा. काल धुवायला कपडे काढताना मुलाच्या पँटच्या खिशात रुमालात गुंडाळलेला एक तुकडा सापडला. माझ्या करंगळीएवढा, बाहेरून पिवळट मातकट. मुलगा म्हणतो खाली पडलेला उचलला. नवरा म्हणतो जाऊ दे, कुंडीत ठेव. मला ते पटत नाहीये, रात्रभर झोप लागली नाही. काय करावं?

भटका जीव
ताई उगाच टेन्शन घेताय. लहान मूल आहे, दगड गोळा करणं हे त्या वयात सगळेच करतात. तिथे लाखो लवणस्तंभ असतील, एका बोटभर तुकड्याने काय होणार. आणि सिमेंटसाठी चुनखडीचे अख्खे डोंगर सुरुंग लावून उडवतात त्याचं कुणाला काही वाटत नाही.

खडकवेडा
मृणालताई, आधी दोन गोष्टी बघून सांगाल का? एक, तुकड्याच्या मधोमध आरपार बारीक भोक आहे का, स्ट्रॉसारखं. दोन, मोडलेली कड कशी दिसते, मातकट की पांढरी चकचकीत?

मृणाल पुणे
हो भोक आहे, त्यातून दोरा गेला. आणि एका टोकाची कड पांढरीशुभ्र, खडीसाखर फोडल्यावर दिसते तशी चमकते.

खडकवेडा
मग हा छताचा आहे. छतापासून लोंबतो तो अधोमुखी लवणस्तंभ सुरुवातीला नळीसारखाच वाढतो, पाण्याचा थेंब त्या नळीतून खाली येतो आणि टोकाशी कडं करत जातो. जमिनीवरून वर वाढणाऱ्यात असं भोक नसतं. आणि मोड पांढरी आहे म्हणजे ताजी आहे, जुना पडलेला असता तर त्या कडेवर चिखल नाहीतर चुन्याचा पातळ थर बसला असता. मुलाला रागावू नका पण एकदा शांतपणे विचारून बघा.

मृणाल पुणे
विचारलं. आधी नाहीच म्हणाला, मग भोक आणि कड दाखवून तुम्ही सांगितलेलं सगळं सांगितलं तसा रडायला लागला. जिथे वाकून जावं लागतं तिथे छत अगदी डोक्याशी येतं, त्याने वर हात लावला आणि जरा ओढलं तर टक्कन आवाज होऊन हातात आला. घाबरून खिशात टाकला आणि आठ दिवस कुणाला बोलला नाही. आठ दिवस हे पोर मनात घेऊन फिरत होतं याचंच मला जास्त वाईट वाटलं. मी ओरडले नाही. त्याचा प्रश्न एकच आहे, "तो परत वाढेल का?"

खडकवेडा
त्याला खरं तेच सांगा. वाढेल, पण तुमच्या त्याच्या हयातीत नाही.

थोडं विस्ताराने लिहितो कारण शाळेत आपण हे दोन ओळींत संपवतो आणि मुलांना वाटतं मीठ साचतं. नाव लवणस्तंभ असलं तरी मिठाचा काही संबंध नाही, हे कॅल्साइट, म्हणजे चुनखडीच पुन्हा जमलेली. पावसाचं पाणी जंगलातल्या मातीतून खाली मुरतं, मातीत मुळांचा आणि कुजणाऱ्या पाल्याचा कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो, तो पाण्यात विरघळून हलकं आम्ल तयार होतं, सोड्याच्या बाटलीत असतं तसंच. ते आम्ल फटीफटीतून जाताना चुनखडी विरघळवत नेतं. गुहेच्या छताशी थेंब आला की गुहेतल्या हवेत तो वायू कमी असल्याने थेंबातून बाहेर पडतो, आणि वायू गेला की चुना पाण्यात राहू शकत नाही, तो तिथेच बसतो. पाणी वाळून हे होतं असं बरेच जण समजतात, पण मुख्य काम वायू निसटण्याचं. बहुतेक ठिकाणी ही वाढ वर्षाला एका मिलिमीटरचा काही भाग एवढीच असते. म्हणजे करंगळीएवढा तुकडा ही कित्येक पिढ्यांची जमा असू शकते. वरचं जंगल तोडलं तर मातीतला वायू कमी होतो आणि खालची वाढही मंदावते, म्हणून गुहा सांभाळायची तर वरचं साल, सागाचं जंगलही सांभाळावं लागतं.

आता जे सांगतो ते मुलाला नक्की सांगा. त्याच कांगेर घाटीत दंडक नावाची दुसरी गुहा आहे. तिथल्या एका लवणस्तंभाचे थर तपासून शास्त्रज्ञांनी साधारण इ.स. ६०० ते १५०० या नऊशे वर्षांत मान्सून कधी जोरात होता आणि कधी दुबळा होता हे काढलं, ते २००७ साली छापून आलं. थरांचं वय युरेनियम-थोरियमवरून ठरवतात आणि पावसाचा अंदाज ऑक्सिजनच्या दोन प्रकारांच्या प्रमाणावरून, ज्या काळात पाऊस कमी त्या काळच्या थरात जड ऑक्सिजन जास्त. त्या दगडात चौदाव्या-पंधराव्या शतकात दशकंच्या दशकं मान्सून ढेपाळलेला दिसतो. आणि त्याच काळात आपल्याकडे काय झालं? १३९६ पासूनचा दुर्गादेवीचा दुष्काळ, बारा वर्षांचा म्हणून ज्याची आठवण महाराष्ट्रात शतकानुशतकं राहिली, गावंच्या गावं ओस पडली. आपल्या पूर्वजांनी भोगलेला दुष्काळ बस्तरच्या एका अंधाऱ्या गुहेत थेंबाथेंबाने लिहिला जात होता. मी पहिल्यांदा तो आलेख पाहिला तेव्हा अंगावर काटा आला होता.

मेघालयातल्या मॉमलूह गुहेचा लवणस्तंभ तर जगाचा मापदंड झालाय, ४२०० वर्षांपूर्वी सुरू झालेल्या कालखंडाला २०१८ मध्ये अधिकृतपणे मेघालयन असं नाव मिळालं ते त्यावरूनच.

गडचांदूरकर
भटका जीव, सिमेंटचं तुम्ही काढलंत म्हणून लिहितो, माझं सगळं बालपण त्या धुळीत गेलंय. वणी, राजुरा, कोरपना पट्ट्यात चुनखडी आहे म्हणूनच आमच्याकडे सिमेंट कारखाने आले, घरं चालली त्यावर, मी ते नाकारत नाही. दुपारी सुरुंगाचा आवाज झाला की वर्गात खिडक्या थरथरायच्या. पण खाणीतली चुनखडी आणि गुहेतला लवणस्तंभ यात फरक आहे हे मला फार उशिरा कळलं. खडक आहे कोट्यवधी वर्षांचा आणि टनावारी आहे, पण त्याच्या पोटात पोकळी होऊन, पाणी येऊन, हवा बरोबर असून जे घडतं ते मोजक्या जागी घडतं. खाण चालते म्हणून गुहेतलं मोडलं तर चालतं हे मला पटत नाही, उलट खाणी आहेत म्हणूनच उरलेल्या गुहा जास्त जपाव्यात.

आणि कायद्याचंही आहे. बोर्रा गुहेच्या भागात आंध्रात आदिवासींच्या जमिनी खाणींना भाड्याने दिल्या होत्या, त्यावरून समता संस्थेचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९९७ मध्ये कोर्टाने सांगितलं की अनुसूचित क्षेत्रातली जमीन अशी खासगी कंपन्यांना देता येणार नाही. म्हणजे कुणाला काही वाटत नाही असं नाही, वाटलं म्हणून माणसं वर्षानुवर्षं लढली.

भटका जीव
मान्य. मी ते सहज बोलून गेलो, ताईंना धीर द्यावा म्हणून. समता खटल्याचं खरंच माहीत नव्हतं.

जलचर
ताई, तुम्ही पुण्याच्या ना, मग तुमच्या मुलासाठी माझ्याकडे एक गोष्ट आहे. तुम्ही डबक्यात पाहिलात तो मासा शास्त्रात इंडोरिओनेक्टिस एव्हेझार्डी या नावाने ओळखला जातो, आणि या माशाचं पहिलं शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये केलं ते पुण्याहून मिळालेल्या नमुन्यांवरून! पश्चिम घाटातल्या ओढ्यांत दगडाखाली राहणारा हा बोटाच्या पेराएवढा मासा, अंगावर पट्टे, डोळे व्यवस्थित. त्याच नावाचा कुटुमसरमधला मासा मात्र फिकट पडलेला आणि डोळे लहान झालेले, काहींचे जास्त काहींचे कमी. अंधारात डोळ्यांचा उपयोग नाही, अंगावरच्या रंगाचा उपयोग नाही.

रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठातल्या संशोधकांनी या माशांचं वेगळंच काम केलंय. हे मासे मधूनमधून वर येऊन हवा गिळतात, तर जिथे दिवस-रात्र कळतच नाही तिथे हे हवा गिळणं दिवसाच्या घड्याळाने चालतं का, हे त्यांनी बघितलं. मला हा प्रश्नच फार सुंदर वाटतो. गुहेत ऊन नाही म्हणजे झाड नाही, मग खायला काय, तर पावसाळ्यात पुराबरोबर वाहून आलेला पालापाचोळा आणि वटवाघळांची विष्ठा. सगळी गुहा त्या दोन गोष्टींवर जगते. तिथे एक किडाही आहे, रातकिड्याच्या जातीचा, लांबच लांब मिशांचा, केम्पिओला शंकरी. हे शंकरी नाव डॉ. शंकर तिवारी यांच्यावरून, १९५१ साली या गुहेची पाहणी करून तिला जगासमोर आणलं ते यांनीच. जुनं नाव गोपनसर होतं असं म्हणतात, म्हणजे लपलेली.

अबोली
वाचतेय, किती सुंदर धागा होतोय. मी दोन वर्षांपूर्वी स्लोव्हेनियात पोस्तोयनाची गुहा बघितली, तिथे १८७२ पासून आत रेल्वे आहे, माणसं गाडीत बसून आत जातात. तिथेही पाण्यात राहणारा आंधळा प्राणी आहे, प्रोटिअस, पांढरा गुलाबीसर, तिथल्या भाषेत त्याला माणूस-मासा म्हणतात. त्या देशात त्याचं किती कौतुक, खेळणी काय, टीशर्ट काय. आणि आपल्या पुण्याचा भाऊबंद बस्तरमध्ये आहे हे मला आज कळतंय.

एक मात्र खटकलं, तिथे दिव्यांच्या आजूबाजूला भिंतीवर हिरवं हिरवं वाढलेलं होतं.

क्रेमवाला
अबोली, ते हिरवं म्हणजे शेवाळ, दिव्यामुळे होतं. गुहेत स्वतःचा उजेड नसतो, तुम्ही दिवा लावून ठेवला की शेवाळाला, मग मॉसला जागा मिळते आणि ते खडक हळूहळू खातं. बोर्राला रंगीत दिव्यांनी सजवलंय, लोकांना आवडतं, मला मात्र तिथला खडक बघायचा तर रंग आड येतात. जिथे गाइड बॅटरी घेऊन चालतो आणि माणूस गेला की अंधार परत होतो तिथे हा त्रास कमी. मृणालताई तुम्ही ज्या अंधाराबद्दल लिहिलंय तो तसाच राहू द्यावा असं मला मनापासून वाटतं.

आता तुकड्याबद्दल. मी गेली काही वर्षं फेब्रुवारीत मेघालयात केव्हिंगला, म्हणजे गुहांत उतरायला जातो (क्रेम म्हणजे खासी भाषेत गुहा, म्हणून हे नाव). तिथे १९९२ पासून भारतीय आणि परदेशी केव्हर मिळून दरवर्षी गुहा मोजतायत, क्रेम लियात प्राह नावाची गुहा तीस किलोमीटरच्या वर भरलीय. तिथे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात ते एवढंच, जिथे एकाचं पाऊल पडलंय तिथेच दुसऱ्याने ठेवायचं आणि हात लावायचा तो फक्त चिखलाला किंवा साध्या खडकाला. हाताचं तेल लवणस्तंभावर बसलं तरी पाणी त्यावरून नीट पसरत नाही, तो भाग काळा पडतो.

मोडलेला जोडता येतो. अमेरिकेतल्या काही गुहांत स्वयंसेवक इपॉक्सी नावाचा पक्का गोंद लावून तुकडे परत बसवतात. पण ते काम जाणकारांचं आणि गुहा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्या परवानगीने करायचं, स्वतः फेव्हिक्विक घेऊन जाऊ नका. तुमच्या तुकड्याची जागा सापडली पाहिजे आणि मोड जुळली पाहिजे. म्हणून तो धुऊ नका, घासू नका, कापसात गुंडाळून डबीत ठेवा.

दुसरं, हे राष्ट्रीय उद्यान आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तिथून काही न्यायला परवानगी नसते, दगडसुद्धा. म्हणून लपवून ठेवण्यापेक्षा आपण होऊन कळवलेलं बरं.

आणि सह्याद्रीतल्या ट्रेकर मित्रांसाठी, विषय निघालाच आहे म्हणून. कोकणकड्यावर रॅपलिंग केलंय म्हणून गुहेत उतरता येईल असं समजू नका. खाली उतरणं सोपं, त्याच ओल्या दोरावरून अंधारात परत चढून यायचं असतं. प्रत्येकाकडे तीन वेगवेगळे दिवे, डोक्यावर हेल्मेट, बाहेर कुणाला तरी परतायची वेळ सांगून ठेवलेली, आणि पावसाळ्यात अजिबात नाही, वरती दूर कुठे पाऊस पडला तरी आतलं पाणी बघता बघता छताला लागतं. शिलाँगच्या मेघालय ॲडव्हेंचरर्स असोसिएशनसारख्या जाणत्या लोकांबरोबरच जा.

नवखा
हे सगळं वाचून जायची इच्छा झालीय पण सुट्टी कमी. सोलापूरहून जवळ काय पडेल?

क्रेमवाला
सोलापूरहून आंध्रातली बेलमची गुहा. मुंबई-चेन्नई लाइनवरच्या ताडिपत्रीला उतरायचं, तिथून साधारण तीस किलोमीटर. सपाट माळावर विहिरीसारखं तोंड आहे, आत शिरल्यावर मात्र ३२२९ मीटर मोजलेली गुहा, त्यातला दीड किलोमीटर लोकांना खुला, सगळ्यात खोल जागा पाताळगंगा. १८८४ मध्ये रॉबर्ट ब्रूस फूट यांनी नोंद केली आणि शंभर वर्षांनी, १९८२-८३ ला, जर्मन केव्हर्सनी आतून मोजली. मधल्या काळात तिथे आजूबाजूचा कचरा टाकायचे, तो उपसून २००२ मध्ये उघडली. आत घाम फार येतो, पाणी जवळ ठेवा. कुटुमसरसारखी लवणस्तंभांची श्रीमंती तिथे कमी, पण पाण्याने कोरलेले बोगदे बघण्यासारखे. गंडिकोटाचा किल्ला पण जोडून होतो.

सुट्टी जास्त मिळाली तर विशाखापट्टणम-किरंदुल पॅसेंजर पकडा, बोर्रा गुहालू आणि जगदलपूर एकाच लाइनवर आहेत, बोर्राला तर रूळ गुहेच्या वरूनच जातात.

रायपूरची सुमा
मृणाल, मी इकडचीच, माहेर गडचिरोलीचं. तुझ्या मनाची तळमळ कळते गं. जगदलपूरला उद्यानाचं ऑफिस आहे, तिथे साधं पत्र लिही, हिंदीत लिही, काय झालं ते सरळ लिही. गुहेचे गाइड आजूबाजूच्या गावातलेच आदिवासी मुलगे आहेत, गुहा हंगामात उघडी असते तेव्हाच त्यांची कमाई, मधल्या जूनपासून ऑक्टोबर अखेरपर्यंत आत पाणी भरतं म्हणून बंद. तुकडा गेल्याचा ठपका त्यांच्यापैकी कुणावर येऊ नये एवढी काळजी पत्रात घे.

त्यांच्याशी बोलताना बिचकू नकोस. तिथली हल्बी बोली ऐकलीस की तुला अर्धी मराठीच वाटेल, मला पहिल्यांदा ऐकली तेव्हा आजोळी आल्यासारखं झालं.

मृणाल पुणे
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. काय केलं ते सांगते.

डबी केली, कापूस भरला, धुतलेलं नाही. पत्र मी हिंदीत लिहिलं आणि सुमाताईंनी सांगितल्याप्रमाणे स्पष्ट लिहिलं की गाइडदादा पुढे बाकीच्यांना वाट दाखवत होते, त्यांनी आत जातानाच हात लावू नका असं सांगितलं होतं, चूक आमची. खाली मुलाने स्वतःच्या अक्षरात चार ओळी लिहिल्या, ती जागा कुठली याचं चित्रही काढलं, उतरल्यावर दुसरं वळण, जिथे सगळ्यांना वाकायला लागतं, तिथे डाव्या बाजूला. त्याला इतकं नीट आठवतंय हे बघून मीच थक्क झाले.

पत्र गेल्यावर तिथून फोन आला. चांगलं बोलले. म्हणाले आता गुहा बंद व्हायची वेळ झाली, पोस्टाने पाठवू नका, वाटेत चुरा होईल, नोव्हेंबरमध्ये उघडली की घेऊन या आणि मुलाला बरोबर आणा, जागा त्यालाच दाखवू दे. जोडता येईल की नाही ते बघून ठरवू म्हणाले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर दोन दिवस जास्त घेऊन जायचं ठरवलंय. जलचरदादा, तुमचा मासा ऐकल्यापासून घरात दुसरा विषय नाही, रविवारी मुळशीकडच्या ओढ्यावर जाऊन दगडाखाली बघायचंय त्याला. तुम्ही पुण्यात असाल तर याल का? तो मासा ओळखायचा कसा ते आम्हाला कुणालाच येत नाही.

जलचर
येतो की. रविवारी सकाळी सातला चांदणी चौकात भेटू, एक काचेची बरणी आणि जुने बूट आणा. बघून झाला की मासा तिथेच सोडायचा, एवढं आधीच सांगून ठेवा त्याला.

मृणाल पुणे
सांगितलं. म्हणतोय, "माहितीये."